काटेबाईंचा पंचविसाचा आकडा

"हात लावू नकोस. आधी जसं आलंय तसं बघायचंय."

मी फक्त चहाचा कप ठेवायला जागा करत होते. पण मावशीच्या बाकावरचं काहीही हलवायचं म्हणजे झोपलेल्या बाळाची कूस बदलण्यासारखं. मी कप हातातच धरला.

रविवार होता, सकाळचे साडेनऊ. मावशीची बाल्कनी म्हणजे तिचं दुसरं ऑफिस. एक जुना लाकडी बाक, त्याला आवळलेला पकडीचा व्हाइस, भिंतीवर पान्यांची रांग, आणि मध्ये वीतभर उंचीचा, हाताने दाबायचा तपासणी पंप. त्याला पितळी कड्याचं मोठं प्रेशर गेज. पहिल्या पगारातून घेतलेलं. मावशी अठ्ठावीस वर्षं एकाच कारखान्यात आहे. बॉयलर, लाँड्री, हॉस्पिटल, जिथे जिथे वाफ किंवा हवा कोंडलेली असते तिथली गेज तिच्याकडे येतात, आणि ती कुठलं किती खोटं बोलतंय ते कागदावर लिहून देते. कारखान्यात तिला काटेबाई म्हणतात. गेजच्या काट्यांवरून की जिभेवरच्या, यावर तिथे अजून एकमत झालेलं नाही.

"जसं आलं तसं" हा तिचा पहिला नियम. गेज आलं की पुसायचं नाही, ठोकायचं नाही, उघडायचं नाही. आलं त्या अवस्थेत पंपाला लावायचं, काय दाखवतंय ते लिहायचं, मगच साफसफाई. मी एकदा विचारलं होतं, एवढी घाण असताना आधी धुतलं तर काय बिघडतं? "माणसाला बर्फाच्या पाण्याने आंघोळ घालून डॉक्टरकडे ने," ती म्हणाली, "आणि मग विचार ताप किती होता."

त्या सकाळी बाकावर गेज नव्हतं. अंगठ्याएवढा एक सेन्सर होता, मामाच्या मोटरचा.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. सोमवार ते शनिवार कवळ्या बनवतो, रविवारी रॉकेट. त्यांचा अकरा जणांचा क्लब आहे. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत जमतात. रॉकेट उडवायच्या आधी त्याची मोटर, म्हणजे इंधन भरलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी, लोखंडी चौकटीत आवळून जमिनीवरच पेटवून बघायची असते. आत किती दाब होतो हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. नळीच्या पुढच्या झाकणाला आरपार छिद्र, त्यात आट्यांवर बसवलेला सेन्सर. पेटलेला वायू थेट सेन्सरला भिडू नये म्हणून मधल्या छिद्रात ग्रीस भरायचं. सेन्सरच्या मागे लहानसं सर्किट, सेकंदाला हजार आकडे टिपणारं. हे सगळं बसवून द्यायचं काम मामाने वर्षापूर्वी मावशीच्या गळ्यात घातलं. "ताई, माझ्या हातात बसत नाही गं ते." "तुझ्या कवळ्या तरी बसतात का लोकांना?" असं म्हणून तिने ते घेतलं, आणि मग कुणाला हातही लावू दिला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मामाने छोटी मोटर पेटवली होती. त्यात हा सेन्सर होता. दाबाचा आकडा आला पंचवीस बार. नळी सत्तरपर्यंत सोसते असा हिशोब. म्हणून मामाने आठ महिने रखडलेली मोठी मोटर पूर्ण केली, जिच्यात दाब दुप्पट व्हायचा होता. पन्नास. सत्तरच्या बराच खाली. म्हणून माणसं उभी राहायची ती जाड फळ्यांची भिंत चौकटीपासून वीस पावलांवर ठेवायचं ठरलं. नवा सेन्सर मावशीनेच गुरुवारी बसवून दिला होता. मोठी मोटर आज, सव्वादहाला पेटणार होती.

आणि जुना सेन्सर आता पंपावर होता, साफ करायच्या आधी, जसा आला तसा.

"कप ठेव खाली. इथे बस. तो लॅपटॉपवरचा आकडा मोठ्याने वाच."

"तू वाच की. तुझ्या नाकासमोर आहे."

"वाच म्हटलं ना."

तिने पंपाचा दांडा एका झटक्यात खाली दाबला. पितळी गेजचा काटा टुणकन चाळीसवर गेला.

"सहा," मी म्हणाले. "अकरा. पंधरा... एकोणीस... चोवीस... मावशी, हे हळूहळू चढतंय. एकोणतीस..."

"चाळीस किती वेळाने झाले?"

"झालेच नाहीत अजून. छत्तीस. आता चाळीस. पाचेक सेकंद गेले."

मावशीने दाब सोडला. पुन्हा झटका दिला. पुन्हा तेच, गेज लगेच, सेन्सर रांगत रांगत. तिने तिसऱ्यांदा केलं नाही. सेन्सर सोडवला, उलटा धरला, टाचणी घेतली आणि माझ्या हातात दिली.

"छिद्रात काय आहे बघ."

"काळं ग्रीस आहे. आणि... पांढरं काहीतरी. दोऱ्यासारखं."

"काढ."

मी ओढलं. नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचं टोक, नखाच्या तुकड्याएवढं. ते निघालं तसा मागून ग्रीसचा एक बुडबुडा फुटला. टप्.

जिचं तोंड झोपेतही बंद नसतं ती माझी मावशी बाकाची कड धरून उभी राहिली.

"काय झालं?"

"टेप आट्यांवर गुंडाळताना पहिला आटा उघडा ठेवायचा असतो. नाहीतर फिरवताना टेप फाटते आणि तोंडावर येते. हे मी शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगते." ती थांबली. "मागे हवा अडकली, ती दबेपर्यंत दाब सेन्सरला पोचत नाही. मोटर जळते दोन सेकंद. हा सेन्सर पाच सेकंदांनी खरं बोलतो. म्हणजे पंचवीस हा पंचवीस नव्हताच. रस्त्यात होता तो, पोचायच्या आधीच मोटर विझली."

"मग खरा किती?"

"कुणास ठाऊक. चाळीस. पंचेचाळीस."

मला दुप्पट करायला जड गेलं नाही. नव्वद. नळी सत्तरची. फळ्या वीस पावलांवर. फळ्यांमागे मामा.

"फोन लाव," ती म्हणाली.

मी लावला. बंद. क्लबच्या म्होरक्यांना, बंबकाकांना, लावला. तोही बंद. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला माणूस, त्यांनीच नियम केलेला: मोटरमध्ये पेटवायची वायर गेली की खाणीतला एकही फोन चालू राहणार नाही. भलत्या लहरीने ठिणगी पडायला नको. सगळे फोन एका पत्र्याच्या डब्यात, डबा बंबकाकांच्या गाडीत.

"नऊ चाळीस," मी म्हणाले. "चौदा किलोमीटर."

"चप्पल घाल."

* * *

माझ्या स्कूटरवर मावशी मागे बसली की एरवी ती चालवते आणि मी फक्त हँडल धरते. ब्रेक मार, गिअर काय, समोर बघ. त्या दिवशी ती गप्प. फक्त तिची मूठ माझ्या कुर्त्यात, पाठीच्या मधोमध.

बाजारपेठ ओलांडली, गोदामं गेली. जुन्या पुलाशी आलो तर अर्धा पूल उखडलेला. एकच पट्टी चालू. तोंडाशी पिवळ्या जाकिटातला माणूस, हातात लाल पाटी.

"भाऊ, सोडा ना. तातडीचं आहे."

"सगळ्यांनाच असतं, ताई. पलीकडनं ट्रक सुटलेत. सहा मिनटं."

मावशी उतरली. "तुमच्या पलीकडच्या माणसाला सांगा, एक स्कूटर येतीये."

"वायरलेस बंद पडलाय, मावशी. आम्ही अंदाजानंच पाटी फिरवतो."

"अंदाजाने?" मावशीचा आवाज चढला. "माणसं पुलावर असतात आणि तुम्ही अंदाजाने—"

आणि वाक्य तिथेच तुटलं. मी वळून बघितलं. ती त्या माणसाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की तो बिचारा घाबरला.

"काय वो, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"नको," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. थांबतो आम्ही."

सहा मिनिटं. ट्रक एकेक करून खडखडत आले. मावशी रस्त्याकडे बघत म्हणाली, "ग्राफ आठवतो तुला? छोट्या मोटरचा?"

"तू फ्रेम कर म्हणाली होतीस मामाला."

"किती सुंदर आलाय म्हटलं मी. गोल, गुळगुळीत, टेकडीसारखा." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "मोटर पेटते तेव्हा दाब उडी मारतो, बाळा. भिंतीसारखा सरळ वर. टेकडी कुठून येईल? शिकाऊ पोरीने दाखवला असता तर मी तिच्या हातावर मारलं असतं. माझा होता म्हणून सुंदर."

पाटी हिरवी झाली.

* * *

खाणीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा लाल निशाण वर चढलं होतं आणि साखळी लागली होती. भोंगा वाजला. पहिला. तीन भोंग्यांनंतर बंबकाका गळ्यातली चावी मोटर पेटवायच्या पेटीत फिरवतात.

वरून सगळं दिसत होतं. खाली तळाशी चौकट, तिच्यात आडवी चकाकणारी नळी. वीस पावलांवर फळ्या, फळ्यांमागे चार हेल्मेटं. त्यातलं एक निळं, मामाचं. पलीकडे जनरेटर धडधडत होता. मी ओरडले. माझा आवाज कड्यावरून खाली पोचेपर्यंत जनरेटरने खाऊन टाकला.

"हॉर्न वाजव!"

मी दाबून धरला. स्कूटरचा हॉर्न तो, आजारी बकरीसारखा. एकानेही मान वर केली नाही.

दुसरा भोंगा.

मी शेजारी बघितलं तर मावशी नव्हती. साखळीखालून वाकून ती उतारावर पोचलीसुद्धा होती. धावत नव्हती, तिचा डावा गुडघा धावू देत नाही. ती भराभर चालत होती, ओढणी उडत होती, आणि ती फळ्यांकडे चालली नव्हती. ती सरळ चौकटीकडे चालली होती.

"मावशी! तिकडे नको! मावशी!"

नंतर कळलं की तिने ते ठरवून केलं. फळ्यांकडचा रस्ता लांबून, कड्याला वळसा घालून होता. चार मिनिटं लागली असती. चौकटीकडचा सरळ. आणि क्लबचा नियम असा की मैदानात जिवंत माणूस दिसलं की मोजणी थांबते. बघणारा बघत असेल तर.

ती चौकटीपासून दहा पावलांवर गेली आणि फळ्यांकडे तोंड करून, पाठीमागे ती भरलेली नळी ठेवून, दोन्ही हात वर करून उभी राहिली.

मी तिसऱ्या भोंग्याची वाट बघत होते. तो वाजला नाही. वाजला तो बंबकाकांचा आवाज, ज्याला जनरेटरची पर्वा नव्हती.

"चावी बाहेर! चावी बाहेर काढली! कुणी हलायचं नाही!" मग, "काटेबाई! आहात तिथून माझ्याकडे चालत या. हळू. मागे बघू नका."

ती आली. मी वळशाच्या रस्त्याने धापा टाकत पोचले तेव्हा मामा हेल्मेट काढून ओरडत होता.

"वेड लागलंय का तुला? अगं, दोन सेकंद! दोन सेकंदांनी मी हो म्हणणार होतो!"

"पेटवू नकोस."

"का?"

"पंचवीस खोटा आहे. सेन्सरच्या तोंडात टेप होती. मी घातलेली. पाच सेकंद उशिरा दाखवत होता. सकाळी पंपावर बघितलं."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "मी वाचले आकडे. हळूहळू चढत होते."

"टेप? तू? पहिला आटा उघडा ठेवायचा हे मला दहा वेळा ऐकवलंयस तू!"

"ऐकवलं."

"मग?"

मावशीने इकडेतिकडे बघितलं. मामाखेरीज तिथे तीन माणसं होती: बंबकाका, एक वायरमन, एक शाळेतल्या बाई. सगळ्यांसमोर बोलावं लागणार होतं. तिने ओढणी सावरली.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "जवळचं. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, मी म्हटलं बघू. कारखान्यात सांगितलं तर बाकावरून उठवतील. तुझं काम मी बोटांनी केलं. बोटांना वाटलं पहिला आटा मोकळा आहे."

जनरेटर कुणीतरी बंद केला होता.

"आठ महिने, ताई," मामा हळू आवाजात म्हणाला. "आठ महिने मी ही मोटर करतोय. आता म्हणतेस तुझा आकडा चुकला. उद्या म्हणशील सकाळची तपासणी चुकली. आत्ताचं बरोबर कशावरून?"

"कशावरूनच नाही. म्हणून तर पेटवू नकोस."

मामा तिच्याकडे नाही, नळीकडे बघत होता.

"तुमचं घरचं भांडण घरी," बंबकाका म्हणाले. "पंधरा मिनिटं कुणी मैदानात जाणार नाही. मग मी एकटा जाऊन वायर काढीन. आणि बाई, तुम्ही जे केलंत तो शुद्ध मूर्खपणा होता. पुन्हा केलात तर मी तुम्हाला खांद्यावर टाकून बाहेर नेईन. मी याहून जड माणसं नेली आहेत."

"मोजून बघा आधी," मावशी म्हणाली. आणि ती खडीवर बसली.

ती पंधरा मिनिटं मला आजही मोजता येतील. मग बंबकाका एकटे गेले, जाड कोट घालून, एका बाजूने, नळीच्या कुठल्याच तोंडासमोर न येता. वाकले. फळ्यांच्या फटीतून आम्ही पाच जण त्यांचे कोपर बघत होतो. कोपर हलायचं थांबलं की शाळेतल्या बाई माझा हात आवळायच्या. अखेर ते सरळ झाले आणि वायर हातात उंच धरून दाखवली. मामा तेव्हा पहिल्यांदा बहिणीच्या शेजारी खडीवर बसला.

* * *

सोमवारी मावशीने कारखान्यात सांगितलं. साहेबांनी तिला बाकावरून उठवलं, अगदी तिने म्हटलं होतं तसं. ऑपरेशन होईपर्यंत टेबल, नोंदी, फोन. आणि सहा महिन्यांत तिच्या सहीने बाहेर गेलेलं प्रत्येक गेज परत मागवून पुन्हा तपासायचं. यादी तिनेच काढली. एकशे बारा. त्यातलं एकच चुकलेलं निघालं, एका लाँड्रीचं, तेही काट्याच्या जाडीएवढंच. पण ती म्हणते, ते एक सापडेपर्यंत तिने जागून काढलेल्या रात्री कुणी मोजल्या नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी मामा मोठ्या मोटरची नळी रिकामी करून मावशीच्या बाल्कनीखालच्या अंगणात घेऊन आला. दोघांत बोलणं जेमतेम. "पाना दे." "हा नको, तो." नळीत काठोकाठ पाणी भरलं. पाण्याने भरलेली नळी फुटली तर उडत नाही, फक्त गळते. म्हणून दाबाची परीक्षा पाण्याने घेतात. तपासणी पंप जोडला. मामा पंप मारणार, मी आकडे वाचणार, आणि मावशीला आम्ही दरवाजाच्या आत खुर्चीवर बसवलं.

"तीस," मी म्हणाले. "चाळीस. पन्नास."

"पन्नासला थांब," आतून आवाज आला. "एक मिनिट."

मामा थांबला. मिनिट झालं. काही गळलं नाही.

"साठ. बासष्ट. पासष्ट. सहासष्ट..."

खट्ट असा आवाज झाला, सुटकेसची कडी निघाल्यासारखा. पुढचं झाकण, सेन्सर बसवायचं तेच, बोटभर बाहेर सरकलं आणि आमच्या चपला भिजल्या. काटा शून्यावर.

"किती?" आतून.

"अडुसष्ट."

मामा दांड्यावर हात ठेवून उभा होता. त्याचे आटे होते ते, त्याच्या लेथवर कापलेले. सत्तरचा हिशोब फारसा चुकला नव्हता. पण अजून एक आकडा राहिला होता, आणि तो आम्हा तिघांनाही हवा होता.

पुढच्या रविवारी पुन्हा छोटी मोटर पेटवली, अगदी पहिल्यासारखीच. फळ्या या वेळी ऐंशी पावलांवर. सेन्सर मामाने स्वतः बसवला. कवळ्या करताना लावतो ते भिंग कपाळावर बांधून, आणि मावशी शेजारी उभी राहून प्रत्येक वेढा विचारत होती, तो "दिसतंय गं मला" म्हणत होता, ती "दिसतंय त्यालाच विचारते मी" म्हणत होती. तीन भोंगे झाले. दोन सेकंद आग झाली. लॅपटॉपवर रेघ आली, भिंतीसारखी सरळ वर.

शेहेचाळीस.

मामाने बोटाने ती रेघ खालपासून वरपर्यंत गिरवली. ओठ हलले. दुप्पट करत असावा. मग तो लॅपटॉपपासून उठून फळ्यांच्या जुन्या जागेपर्यंत चालत गेला, त्या वीस पावलांवरच्या, जिथे खडीत अजून पायांचे खळगे होते. तिथे थोडा वेळ उभा राहिला. चौकटीकडे बघत. मग परत आला.

"ताई, फळ्यांकडे यायचं होतंस. निदान मधूनच ओरडायचं होतंस. चौकटीपाशी का गेलीस?"

"ओरडले असते तर तू वाद घातला असतास," मावशी म्हणाली. "आणि वाद घालता घालता पेटवलीच असतीस."

"मी? मी कधी वाद घालतो?"

आणि तो त्यावर घरी पोचेपर्यंत वाद घालत राहिला.